जावयाचा जोधपुरी

मेव्हण्याच्या पोराच्या जावळाला धैर्यशीलला सासऱ्यांनी, बाळासोंनी, जोधपुरी कोटाचा आहेर केला. घरची माणसं शूटिंगात उठून दिसावीत म्हणून त्यांनी स्वतः दुकानात बसून सगळ्या पुरुषांसाठी एकाच ताग्यातलं कापड फाडून घेतलं होतं. चकचकीत पॉलिस्टर, आत तसलंच अस्तर, गळ्यापर्यंत बटणं आणि महिना मे. त्यात धैर्यशील गगनबावड्याचा, गार हवेत वाढलेला.

"लग्नानंतरचं पहिलंच कार्य हाय माझ्या माहेरात," बायकोनं, तेजस्वीनं, बजावलं. "कोट काढलासा तर माझ्या आप्पांस्नी लागंल."

जावळ उरकेपर्यंत धैर्यशील आतून उकडून निघाला. घामाला बाहेर पडायला वाटच नव्हती. तो पाठीवरून उतरायचा, कमरेशी साठायचा आणि वाळायचं नाव घेत नव्हता. मानेवर पुरळ उठलं. तोंड लाल करून तो खुर्चीत वळवळत बसला, कुणाशी बोलेना. पंगतीत तांबडा रस्सा आला, तेव्हा त्यानं वाटीवर हात आडवा धरला. आणि कोल्हापुरात जावयानं रस्सा नाकारला, की त्याचा अर्थ एकच होतो.

"जावई रुसलं!" चुलतसासू धोंडुबाई ओरडल्या.

मांडवात धावाधाव उडाली. बाळासो अंगठी घेऊन आले. कॉलर टोचली म्हणून धैर्यशीलनं मान झटकली.

"अंगठीत भागत न्हाय त्यांचं," धोंडुबाई म्हणाल्या. "साखळी काढा."

साखळी आली. तेवढ्यात खाज असह्य होऊन तो खांबाला पाठ घासायला वळला.

"पाठ फिरवली! आता गाडीच मागत्यात बघा!"

तेजस्वी संतापून पुढं आली. "माझं माहेर लुटायला आलाय व्हय?"

"मला अंगठी नको, साखळी नको!" धैर्यशील कळवळून म्हणाला. "एक जुना सुती सदरा द्या की कुणीतरी!"

सदऱ्याची वाटही न बघता त्यानं बटणं तटातटा उघडली आणि कोट खुर्चीवर फेकला. पंख्याचा वारा भिजलेल्या सुती बनियनला लागला आणि पाठीवर असा गारवा उतरला, की इतकं सुख त्याला बोहल्यावरही झालं नव्हतं. तेजस्वीनं मात्र डोळ्यांवर हात धरले.

बाळासो सावकाश जवळ आले. त्यांनी जावयाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आणि स्वतःच्या कोटाचं वरचं बटण सोडलं.

"पावणं, तुमी कवा काढताय म्हणून सकाळपास्नं वाट बघालोय," ते म्हणाले. "कापड मीच निवडलेलं. मी आधी कसं काढू?"

बघता बघता त्या ताग्यातली सगळी माणसं बनियनवर आली. धैर्यशीलनं मांडवाच्या मधोमध शड्डू ठोकला आणि वाटी पुढं केली.

"आता आणा रस्सा!"