साळवे भाऊंचा वारा

रविवार, संध्याकाळ. जालन्यातल्या आमच्या सोसायटीची गच्ची. हजर: मी (सचिव), काबरा काकू, साळवे भाऊ. विषय: पाण्याची टाकी धुणे.

सभा वेळेवर सुरू झाली नाही, कारण साळवे भाऊंनी उदबत्ती पेटवली. धूर कुठे जातो ते पाहिल्याशिवाय ते बसत नाहीत.

"एमआयडीसीकडून वारा हाय. खुर्च्या फिरवा, जल्दी!"

"भाऊ, गुडघे दुखून राह्यले माझे," काकू म्हणाल्या. "मी बसले की बराबर कसा फिरतो हो तुमचा वारा?"

खुर्च्या फिरवल्या.

भाऊंचं काम ऐकून लोक हसतात. परदेशात खडक फोडून तेल आणि वायू काढतात, तेव्हा किती विषारी वायू हवेत जातो, याचा हिशेब ते घरी बसून करतात. विहिरी किती, इंजिनं किती तास चालली, व्हॉल्व्ह किती गळतात, यावरून. स्वतः एकही विहीर पाहिलेली नाही. "अंदाज हाय ताई, पण बराबर हाय," हे त्यांचं पालुपद.

गळतीची भीती त्यांनी घरोघर नेली आहे. साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन ते कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरतात, शेगडी बंद करायला लावतात आणि सिलिंडरच्या नळीवर फेस लावून बुडबुडा शोधतात. काकूंच्या बाट्या एकदा त्यात कच्च्या राहिल्या. पण बुडबुडा सापडला. तेव्हापासून काकू नुसत्या तोंडाने चिडतात.

टाकीचं ठरलं, काकू खाली गेल्या. भाऊ उठेनात. विझलेली उदबत्ती हातातच होती.

"प्रज्ञानं घर घेतलं तिकडं परदेशात. जावयाच्या नोकरीपाशी."

त्यांच्या लेकीला, प्रज्ञाला, सातवा महिना लागलाय, हे मला माहीत होतं.

"पत्ता पाह्यला ताई. माझ्याच हिशेबातल्या विहिरी हायेत जवळ. वारा बहुतेक दिवस तिच्या घराकडं."

"मग सांगा तिला."

"काय सांगू? अंदाज हाय म्हणू?" त्यांनी उदबत्तीची राख झटकली. "पहिल्यांदाच वाटून राह्यलं, आपला अंदाज चुकलेला निघावा."

मीच व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. प्रज्ञा नव्या पडद्यांपुढे उभी होती.

"बाबा, आज वारा कुठला?" तिने चिडवलं. "मी तर सगळ्या खिडक्या उघडून ठेवल्यात. काय मस्त हवा येऊन राह्यली!"

भाऊंनी फोन जवळ धरून तिच्यामागचे हलणारे पडदे पाहिले.

"स्वेटर घाल, बेटा," म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला.

मीही तिला जेवणाखाण्याचंच विचारलं.

घरी येऊन कामं लिहिली. टाकी धुणे: ठरलं. प्रज्ञाला सांगणे: बाकी.