रूथचं अर्धं वाक्य

आमच्या बिल्डिंगीत टेलिफोन एकच होता, तळमजल्यावर मालूताई परबांकडे. आणि त्यावर कुणी तीन मिनिटांच्या वर बोलायला लागलं की मालूताई शेजारी येऊन उभ्या राहायच्या आणि अगदी गुळगुळीत आवाजात विचारायच्या, ‘‘थ्री मिनिट्स अप. वाढवायचे?’’ पलीकडे कुणाचं लग्न ठरलेलं असो की कुणी वारलेलं असो. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी एकदा आईला फोन करून रडत होते. मालूताईंनी मला पाण्याचा पेला दिला, स्वतःच्या पदरानं माझे डोळे पुसले आणि मग विचारलं, ‘‘वाढवायचे?’’

मालूताई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, ओव्हरसीज बोर्डावर. तेव्हा परदेशी फोन करायचा तर आधी बुक करावा लागे आणि मग घंटा वाजेपर्यंत घरातून हलायची सोय नसे. इकडची ऑपरेटर तिकडच्या ऑपरेटरला गाठायची आणि दोघी मिळून माणसाला माणूस जोडून द्यायच्या. या नोकरीनं मालूताईंच्या बोलण्याला असं वळण लावलं होतं की घरीही त्या बोर्डावरच बसल्यासारख्या वाटत. दार वाजलं की आतून ‘‘येस, बोला!’’ भाजीवाल्यानं भाव सांगितला की ‘‘रिपीट प्लीज.’’ समोरच्याचं बोलणं पटलं नाही की ‘‘लाइन क्लिअर नाही,’’ म्हणून विषय बंद. मी माझं नाव सुनंदा असं सांगितलं तेव्हा त्यांनी खात्री करून घेतली होती, ‘‘स सोलापूरचा, न नागपूरचा, द दादरचा. करेक्ट?’’

लग्न त्यांनी केलं नव्हतं. नोकरी लागली तशा मालवणहून आल्या, आई होती तोवर आईबरोबर राहिल्या, आई गेल्यावर एकट्या. मुलुंडच्या पूर्वेला तेव्हा अजून मोकळी जागा शिल्लक होती. त्यांच्या ब्लॉकच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीपर्यंत एक छोटंसं अंगण होतं, आणि तिथे रविवारी सकाळी धूर निघायचा.

मालवणच्या बाईनं शेगडीवर बांगडे भाजले तर कुणी मान वर करून बघितलं नसतं. मालूताई हॅम्बर्गर भाजायच्या.

हा शब्द आमच्या बिल्डिंगीत नवा होता. सोसायटीचे सेक्रेटरी गोगटेकाका पक्के शाकाहारी आणि इंग्रजीचे जाणकार. त्यांनी जिन्यातच जाहीर केलं, ‘‘हॅम म्हणजे डुक्कर. मी नोटीस लावणार.’’

मालूताई म्हणाल्या, ‘‘हॅम नावात आहे, शेगडीवर नाही. बकऱ्याचा खिमा आहे. या, बघून जा.’’

गोगटेकाका नाकाला रुमाल लावून आले, बघून गेले आणि पुढच्या रविवारी परत आले. निरीक्षण म्हणून. नंतर नंतर तर घरून स्वतःचं स्टूलही आणायला लागले.

आणि बघण्यासारखं होतंच. भांडुपच्या एका फॅब्रिकेटरकडून मालूताईंनी लोखंडी सळ्यांची जाळी मुद्दाम जोडून आणली होती. कोळसे लाल झाले की त्या खिम्याच्या जाड गोल टिकल्या जाळीवर ठेवायच्या. दोन क्षण शांतता. मग उलटणं घालून हळूच कड उचलून बघायच्या. कड हातात यायची, बाकीचं जाळीला चिकटून राहायचं. बाकीचं सोडवायला जावं तर त्याचे तीन तुकडे होऊन दोन निखाऱ्यांत. चर्र आवाज, भसकन धूर आणि मालूताईंचं ठरलेलं वाक्य, ‘‘वाट लागली. कॉल कट.’’

जाळीवरचा जो काही चुरा वाचे तो बनपावात भरून आमच्याकडे यायचा. माझ्या नवऱ्याला तो इतका आवडायचा की बर्गर कधीच धड होऊ नये असं तो उघडपणे म्हणायचा.

सल्ले भरपूर मिळत. अंडं घाला. पावाचा चुरा घाला. थोडं बेसन लावा, काय बिशाद फुटायची! आम्ही कबाब करणाऱ्या बायका. खिमा बांधायच्या दहा युक्त्या आम्हाला माहीत. मालूताई शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, ‘‘नाही. तसं सांगितलेलं नाही.’’

‘‘कुणी सांगितलेलं नाही?’’ मी एकदा विचारलं.

त्या दिवशी गोगटेकाका नव्हते. मालूताईंनी शेगडीवरची राख झटकली आणि म्हणाल्या, ‘‘रूथनं.’’

रूथ ही अमेरिकेतली ऑपरेटर. कुठल्या गावची, हे मालूताईंना शेवटपर्यंत कळलं नाही. रूथ गावाचं नाव सांगायची, पण नेमक्या त्याच वेळी लाइनीत खरखर व्हायची. आडनाव तर ऑपरेटरनं सांगायचंच नसतं. दोघींचं बोलणं कधी व्हायचं? नंबर लावल्यावर तिकडचा माणूस रिसीव्हर उचलेपर्यंत जी घंटा वाजत राहते, तेवढ्या वेळात. मागे सुपरवायझर फिरत असायची. म्हणून वाक्यं आखूड. ‘‘मालू, जेवलीस?’’ ‘‘हो. तू?’’ ‘‘आत्ता नाश्ता.’’ आणि तिकडे कुणी ‘हॅलो’ म्हटलं की दोघी एकदम ‘‘गो अहेड प्लीज’’ म्हणून बाजूला.

अशा आखूड वाक्यांत कित्येक वर्षं गेली. रूथचा नवरा वारलाय हे एका कॉलला कळलं, तो कशानं वारला हे पुढच्या आठवड्यातल्या कॉलला. मालूताईंनी तिला बांगड्याचं तिखलं शिकवलं. रूथनं विचारलं, डब्यातला मासा चालेल का? मालूताई दोन दिवस तिच्याशी कामापुरतं बोलल्या.

हॅम्बर्गरही असाच हप्त्याहप्त्यानं आला. रूथ दर रविवारी मागच्या अंगणात एकटीच भाजायची. नवरा असताना तो भाजायचा. खिमा गार हवा, हा एक कॉल. कोरडा खिमा नको, खाटकाकडून चरबी मागून घे, हा दुसरा. मीठ अगदी शेवटी. वळताना आवळू नको, कोंबडीचं पिल्लू हातात धरतात तसं धर. मधोमध अंगठ्यानं खळगा कर, म्हणजे फुगत नाही. गाईचं मांस आमच्याकडे चालत नाही असं मालूताईंनी सांगितल्यावर रूथ म्हणाली होती, बकरं असेल तर मग शेवटची गोष्ट फार महत्त्वाची.

‘‘आणि मग एक दिवस ती म्हणाली,’’ मालूताई मला सांगत होत्या, ‘‘मालू, आता नीट ऐक. काय वाटेल ते झालं तरी कधीही, कधीही...’’

‘‘कधीही काय?’’

‘‘तेवढ्यात तिकडच्या माणसानं फोन उचलला.’’

दुसऱ्या दिवशी रूथची सुट्टी होती. आणि त्याच आठवड्यात मालूताईंची बदली झाली. नंबर फिरवला की थेट अमेरिका लागायला सुरुवात झाली होती. बोर्डावर इतक्या बायका लागणार नव्हत्या. मालूताईंना चौकशी विभागात बसवलं. दिवसभर लोकांना मुंबईतल्या लोकांचे नंबर सांगायचे.

‘‘बोर्डावरच्या एखाद्या मैत्रिणीला सांगायचं ना, रूथला विचार म्हणून,’’ मी म्हटलं.

‘‘म्हणजे इतकी वर्षं आम्ही ड्यूटीवर गप्पा मारत होतो ते सांगू?’’ मालूताई म्हणाल्या. मग जरा वेळानं, ‘‘आणि विचारायचं तर मीच विचारीन ना गं.’’

तेव्हापासून मालूताई दर रविवारी ते वाक्य पुरं करायच्या खटपटीत होत्या. कधीही काय करू नये? कधीही झाकू नये, असा एक महिना गेला. कधीही वारा घालू नये. कधीही कांदा घालू नये. कधीही फ्रीजमधून थेट आणू नये; पण मग गार हवा म्हणाली होती त्याचं काय? मी गोगटेकाकांना ही हकिगत सांगितली, आणि शाकाहारी माणूस मटणात इतका गुंतलेला मी दुसरा पाहिला नाही. ते जिन्यात मला थांबवायचे. ‘‘सुनंदाबाई, काल विचार करत होतो. कधीही धुऊ नये, असं तर नसेल? ओलावा राहतो ना.’’

तेही झालं. टिकल्या फुटतच राहिल्या.

मग एका रविवारी मालूताईंनी तीन टिकल्या जाळीवर ठेवल्या, उलटणं हातात घेतलं आणि आत फोन वाजला. त्या गेल्या आणि धावत बाहेर आल्या. ‘‘गोगटे! तुमचा कॉल! नाशिकहून! मुलीचा!’’ गोगटेकाकांची मुलगी बाळंतपणाला सासरीच राहिली होती आणि काका आठवडाभर काळजीनं वाळले होते. ते उठले ते स्टूल पाडून. चप्पल एकाच पायात. मालूताई त्यांच्या मागे, मी मालूताईंच्या मागे. काका रिसीव्हर उलटा धरून ओरडत होते. मालूताईंनी तो सरळ करून त्यांच्या कानाला लावला. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप. काका तिथेच खाटेवर बसून रडायला लागले, आणि मालूताईंनी त्या दिवशी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

मलाच आधी वास आला. ‘‘अहो, जळतंय!’’

आम्ही धावलो. जाळीवरच्या टिकल्या कडेनं काळपट तपकिरी झाल्या होत्या. मालूताईंनी कपाळाला हात लावला आणि आता टाकूनच द्यायच्यात म्हणून उलटणं खाली घातलं. टिकली घसरली. आख्खी. सळ्यांवरून अशी सुटून आली जणू तिला तिथं कुणी चिकटवलंच नव्हतं. त्यांनी ती उलटली. दुसरी उलटली. तिसरीही. खालच्या बाजूला सळ्यांच्या काळ्या रेघा, कडा गोल, एक चीर नाही.

डोळे पुसत बाहेर आलेले गोगटेकाका म्हणाले, ‘‘सुटली की हो!’’

‘‘हात लावायचा नाही,’’ मालूताई म्हणाल्या. त्या स्वतःशीच बोलत होत्या. ‘‘आपली आपण सुटेपर्यंत कधीही, कधीही हात लावायचा नाही.’’ आणि मग, ‘‘मी फार लवकर बघायला जायची गो.’’

त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा आख्खे बर्गर खाल्ले. दाताखाली आले तरी धड राहिले. काकांनी नातीच्या नावानं नुसता बन खाल्ला. सगळे खूश होते. फक्त मालूताईंचं लक्ष नव्हतं. त्यांच्या बशीतला बर्गर अर्धा तसाच होता.

‘‘असंच असणार,’’ त्या मला म्हणाल्या. ‘‘पण तिनं नाही ना सांगितलं.’’

माझा भाऊ सुधीर त्याच वर्षी अमेरिकेला गेला होता. मी म्हटलं, मालूताई, मला त्याला फोन करायचाच आहे. थेट नको, ऑपरेटरकडून बुक करा. मुंबईचा कॉल तिकडे त्याच बोर्डावर जातो ना? तिकडची ऑपरेटर लाइनीवर येईल. तुम्ही विचारा तरी.

त्यांनी आधी ‘‘लाइन क्लिअर नाही’’ म्हणून मला घालवून दिलं. तीनचार दिवसांनी संध्याकाळी वर निरोप आला, कॉल बुक केलाय, खाली ये. मी गेले तर मालूताई इस्त्रीची साडी नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून फोनशेजारी खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. फोनवर बोलायला गजरा कशाला, हे मी विचारलं नाही.

घंटा वाजली. मुंबईची ऑपरेटर त्यांच्या ओळखीची निघाली. दोन शब्द बोलून ती गप्प राहिली. मग पलीकडून एका तरुण मुलीचा आवाज आला. रिसीव्हरमधून तो मलाही बारीक ऐकू येत होता.

मालूताई इंग्रजीत म्हणाल्या, ‘‘नंबर देण्याआधी एक विचारते. तुमच्याकडे रूथ आहे का?’’

‘‘कुठली रूथ? इथे एक रूथ होती, ती मागच्या वर्षी रिटायर झाली. आपण कोण?’’

‘‘बॉम्बे,’’ मालूताई म्हणाल्या. ‘‘मालू.’’

 पलीकडची मुलगी जवळजवळ किंचाळली. ‘‘मालू? बॉम्बेची मालू? रूथ आम्हा सगळ्यांना सांगून ठेवायची, बॉम्बेची लाइन आली तर तुम्ही घ्यायची नाही, मला द्यायची! मग तू एकदम आलीच नाहीस. ती रोज विचारायची.’’

मालूताईंनी दुसऱ्या हातानं खुर्चीची कड धरली.

‘‘तिचा नंबर मला देता येणार नाही गं, नियम आहे,’’ मुलगी म्हणाली. ‘‘पण ती येते कधीकधी आम्हाला भेटायला. निरोप सांगेन. काय सांगू?’’

मी समोरून खुणा करत होते. जाळी, उलटणं, हाताचा गोल. सांगा ना, जमलं म्हणून! मालूताई माझ्याकडे बघत होत्या, पण मी त्यांना दिसत नव्हते. अमेरिकेला जोडलेली लाइन नुसती चालू होती आणि त्यात कुणीच बोलत नव्हतं.

‘‘सांगा,’’ शेवटी त्या म्हणाल्या, ‘‘मालूनं फोन केला होता.’’

‘‘एवढंच?’’

‘‘एवढंच.’’

मग त्यांनी सुधीरचा नंबर सांगितला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी सुधीरशी काय बोलले ते मला आठवत नाही. फोन ठेवून वळले तर मालूताई अजून तशाच ताठ बसलेल्या.

‘‘इतकी वर्षं लोकांचे फोन लावले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जगभर लावले. पण मला स्वतःला कुठे कोण होतं फोन करायला? आपल्यासाठी लावलेला हा पहिलाच.’’

 त्यांनी साडीच्या निऱ्या उगाच सारख्या केल्या, आणि परीक्षेहून आलेल्या मुलीनं विचारावं तसं मला विचारलं, ‘‘माझो आवाज बरो गेलो मा गो?’’

‘‘एकदम बरा,’’ मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. थोडा वेळ गेला, आणि त्यांनी मला तेच पुन्हा एकदा विचारलं.