आवाज आत न येणारं छप्पर

न्हाणीघरातून बाहेर पडताना सुनेला पहिल्यांदा खटकली ती शिडी. मागच्या भिंतीला टेकवलेली, वरचं टोक थेट छपराला. सकाळी ती तिथं नव्हती. (सकाळी तिनं दोनदा पाहिलं होतं. ती सगळंच दोनदा पाहायची.)

घरात आली, तर डोक्यावर धप्प झालं. अगदी हलकं, उशीत बुक्की मारावी तसं.

ती दचकली. चोराच्या भीतीनं अर्धी, सासूबाईंच्या भीतीनं अर्धी. छप्पर बदलायचं ठरलं तेव्हा सासूबाई कौलांवर अडून बसल्या होत्या. पण खुट्ट झालं तरी दचकणाऱ्या सुनेनं तीन आठवडे माहितीपत्रकं वाचून, दोन पत्र्यांच्या मध्ये जाड फोम भरलेलं छप्पर निवडलं. आवाज म्हणून आत येणार नाही. लग्नानंतर या घरात तिचं ऐकलं गेलं ते एवढंच. "महिनाभर बघू," सासूबाई म्हणाल्या होत्या, "काही कुरकुर निघाली की कौलं." आज एकोणतिसावा दिवस होता.

"आई, वर कुणीतरी आहे."

"मांजर असेल."

"मांजर शिडी घेऊन येतं का?"

सासूबाईंचा भाजी निवडणारा हात थांबला. "कौलं असती ना, तर पावलागणिक वाजली असती. चोर जाडा की बारीक तेसुद्धा कळलं असतं. तुझ्या या गादीखाली काय कळणार?"

पुन्हा धप्प. आता अब्रूचा प्रश्न होता. ती मागं गेली, शिडी ओढून आडवी पाडली, फरफटत स्वयंपाकघरात आणली आणि दारंखिडक्या गच्च लावून घेतल्या. चोर अडकला. या पराक्रमाचा आनंद तिला जेमतेम अर्धा मिनिट मिळाला. मग लक्षात आलं, की खाली यायला त्याला आता एकच वाट उरलीय. छप्पर कापून.

तिनं नवऱ्याला फोन लावला. व्यस्त. छपराच्या मिस्त्रीला लावला (पत्रा किती वेळात कापला जातो, ते त्यालाच ठाऊक). तोही व्यस्त. पुन्हा नवरा, पुन्हा मिस्त्री. वर आता कुणी थयथयाट करत होतं. सासूबाई झाडू घेऊन तिच्या पाठीमागं उभ्या राहिल्या.

"आई, तुम्ही पुढं व्हा ना."

"तूच हो. छप्पर तुझं आहे."

आठव्या खेपेला मिस्त्रीनं फोन उचलला. घाईत तिचं बोट स्पीकरवर पडलं.

"मिस्त्रीदादा, आपला पत्रा कापायला चोराला किती वेळ लागेल?"

"ते नंतर सांगतो, वहिनी." मिस्त्रीचा घसा पार बसला होता. "स्क्रू तपासा, स्क्रू तपासा, म्हणून तुम्ही रोज फोन करता, म्हणून आलो. तुमच्याच छपरावर आहे. शिडी कुणीतरी पळवली. तुमचा फोन लागेना, म्हणून तुमच्या साहेबांना लावला, तर ते म्हणतात, पाय आपटा, ती घरातच आहे, लगेच दचकून बाहेर येईल. अर्धा तास आपटतोय, बोंबलतोय." त्यानं दम खाल्ला. "पण वहिनी, माल तुम्ही एक नंबर निवडलात. आत काहीच ऐकू आलं नाही ना?"