सहा विषय, एक मांडी

साधनाने दोनच विषय घ्यायचे ठरवले होते. मुक्त विद्यापीठाच्या आकुर्डीतल्या अभ्यासकेंद्रातले सर म्हणाले होते, पहिल्या वर्षाला कमीत कमी दोन, जास्तीत जास्त सहा, झेपतील तेवढेच घ्या. न झेपण्याचा साधनाला अनुभव होता. मागे एकदा तिने आकुर्डीतच कॉलेजात नाव घातलं होतं, हौसेने सगळे विषय घेतले होते, आणि दिवाळीच्या आतच उलट्या सुरू होऊन घरी बसली होती. त्या उलट्यांचं नाव आता शर्वी होतं, आणि ती मोशीच्या घरात भिंत धरून उभी राहायला लागली होती.

"दोन-दोन घेत गेलीस तर तू आन् शर्वी एकाच बाकावर बसाल," शेखर चहा फुंकत म्हणाला. शेखर तिचा नवरा, चाकणच्या कंपनीत शिफ्टला. तो हसला, पण बाकी कुणी हसलं नाही. साधनाने बशी उचलली आणि उगाचच मोरीकडे गेली.

सासूबाईंनी, म्हणजे विमलबाईंनी, मुलाकडे डोळे वटारून पाहिलं. "एका इषयाला पोर मी बगीन," त्या म्हणाल्या. "माझ्यापायी तुजं आडायचं न्हाई."

बस, इथून लिलावच सुरू झाला. एक विषय, एक मांडी, असा हिशोब ठरला. समोरच्या खोलीत राहणाऱ्या, कॉलेजच्या पोरांना डबे देणाऱ्या इंदुताई साखर मागायला आल्या आणि एक विषय घेऊन गेल्या. शेखरला आपल्या बोलण्याची लाज वाटत असावी. त्याने एकदम उरलेले चारही उचलले. सुट्टीचा अख्खा दिवस आपला, म्हणाला.

यशवंतरावांना कुणी विचारलं नाही. शेखरचे वडील कोपऱ्यातच बसले होते, पण त्यांनी नातीला कधी उचलून घेतलं नव्हतं. इंद्रायणीकडचं रान इमारतीला गेल्यापासून ते लागेल तेवढंच बोलत. लाइट आली का, गोळी कुठाय, एवढंच. रविवारी मात्र बिल्डरची माणसं त्यांना त्याच रानात उभ्या राहिलेल्या इमारतीत घेऊन जात, डोक्याला फेटा बांधत आणि फ्लॅट बघायला आलेल्यांना सांगत की हे मूळ मालक. यशवंतराव सांगत, पाणी चांगलं हाय, वारं चांगलं हाय. संध्याकाळी घरी येऊन फेटा खुंटीला अडकवत आणि न जेवता झोपत.

दुसऱ्या दिवशी साधना सरांकडे गेली.

"सहाच्या सहा?" सरांनी चष्मा वर केला. "मग सुट्टीची बॅच घ्या. एकाच दिवशी सगळं उरकेल."

"तीच हवीये सर. सुट्टीला घरी माणसं असतात."

सरांना ते पटलं. साधनाला सरांचं पटलं. दोघांचं इतकं एकमत झालं की वार कोणता, हे कुणी कुणाला विचारलंच नाही. विचारायचं कशाला? चाकण पट्ट्यात गुरुवारी वीज बंद, म्हणून कंपन्या बंद, म्हणून शेखर घरी. लग्न होऊन आल्यापासून साधनाने मटण, पाहुणे, डोक्यावरून न्हाणं, सगळं गुरुवारीच केलं होतं.

तेव्हा पहिल्या गुरुवारी ती नवी वही आणि डबा घेऊन केंद्राच्या फाटकाशी हजर झाली. वॉचमन रोहिदासने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सुट्टीची बॅच रविवारी असते ताई."

"पण सुट्टी तर आज आहे."

रोहिदासला हसू आलं नाही. त्याने स्टूल पुढे सरकवलं. "चाकण का?" त्याने हळूच विचारलं. तोही आधी कंपनीत होता. इथे लागल्यावर सुरुवातीला तो जुन्या सवयीने गुरुवारी न चुकता गायब असायचा. त्याची नोकरी जाता जाता वाचली होती.

सर हळहळले, पण बॅच आता बदलता येत नव्हती. विषय मात्र पुढच्या आठवड्यापर्यंत कमी करता येत होते.

घरी आल्यावर एकेक मांडी आकसत गेली. शेखरला रविवारी ड्युटी. विमलबाईंची बहीण चिखलीला अंथरुणावर पडून, आणि तिच्याजवळ बसायची रविवारची पाळी विमलबाईंची. इंदुताईंनी पदर डोळ्यांना लावला. रविवारी पोरांना चिकन लागतं, कढईपाशी रांगतं पोर कसं सांभाळू, तूच सांग. सगळ्यांनाच मनापासून वाईट वाटत होतं, त्यामुळे साधनाला रागावताही येईना. मागच्या वेळीही कुणी वाईट वागलं नव्हतं. सगळे चांगलेच वागले होते आणि तिचं कॉलेज सुटलं होतं.

शनिवारी ती वही कपाटात वर ठेवायला लागली, तेव्हा मागून आवाज आला.

"पोर मी नेतो."

 विमलबाईंनी नवऱ्याला विचारलं, कुठं नेता. यशवंतराव म्हणाले, जातो तिथं. वाद घालण्याएवढं ते बोलतच नसत, म्हणून वाद झाला नाही.

रविवारी पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासाला साधनाचा फोन थरथरला. मूळ मालकांच्या सुनेचा नंबर साइट ऑफिसमध्ये होताच. विक्रीचं बघणारा शहेबाज अतिशय अदबीने बोलत होता. "वहिनी, टेन्शनचं काही नाही. बेबीने टेबलावरचं मेणाचं सफरचंद चावलंय, फक्त चावलंय, गिळलेलं नाही." थोड्या वेळाने पुन्हा फोन. सोफा ओला झाला होता, पण कव्हर निघतं. तिसऱ्या वेळी मात्र त्याचा आवाज खाली गेला. "वहिनी, बेबी सॅम्पल फ्लॅटच्या बेडवर झोपली. बाबा दारात खुर्ची टाकून बसलेत, कुणाला आत सोडत नाहीत. लोक बेडरूम न बघता फ्लॅट कसा घेतील? एक मॅडम चपला हातात घेऊन चालतायत."

साधनाने वही मिटली. रिक्षात बसल्यावर तिने मनाशी ठरवून टाकलं. दोनच विषय. नाहीतर तेही नकोत. शर्वीला कुशीत घ्यायचं आणि घरी जायचं.

सॅम्पल फ्लॅट वरच्या मजल्यावर होता. स्वयंपाकघरात एक जोडपं आणि शहेबाज कुजबुजत उभे होते. दारातल्या खुर्चीवर कुणी नव्हतं. आत, खिडकीशी, फेटा बांधलेले यशवंतराव उभे होते आणि त्यांच्या खांद्यावर नुकतीच जागी झालेली शर्वी.

"त्ये बग, पांढऱ्या गाड्या लावल्यात न्हवं, तितं हीर व्हती. तुजा बाप तितंच पवायला शिकला. आन् आपुन उभं हाय न्हवं, हितं खाली कांदा साठवायची आरण असायची. म्या राखण करायचो. लई गार वारं यायचं."

साधना दारातच थांबली. एवढी वाक्यं त्यांच्या तोंडून एका दमात तिने लग्नापासून ऐकली नव्हती. शर्वीने मान वळवून आईकडे पाहिलं. साधनाने हात पुढे केले. शर्वी हसली, पुन्हा खिडकीकडे वळली आणि आजोबांच्या गालावर थाप मारली, पुढे काय म्हणून.

साधनाचे हात तसेच राहिले. मग तिने ते पदराला पुसले.

"सुटलं व्हय येवड्यात?" यशवंतरावांनी विचारलं.

"नाही आबा. मी दोनच विषय ठेवते. तुम्हाला त्रास नको. अकरापर्यंत येईन मी परत."

यशवंतरावांनी शर्वीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"अकराच्या म्होरं मी काय करू मग?"

शर्वीने त्यांचा फेटा ओढला.

"ही लोकं पान्याचं इचारत्यात, वाऱ्याचं इचारत्यात," ते म्हणाले. "रानाचं कोन इचारीत न्हाई. हिला सांगितलं तर ही ऐकती. समदे इषय ऱ्हाऊ दे, साधना. दिस मावळंस्तवर ये निवांत."

त्यांनी तिला नावाने हाक मारल्याची ही पहिलीच वेळ होती. बाहेरून शहेबाज खाकरला, बेडरूम रिकामी झाली का म्हणून. 

साधना परत निघाली तेव्हा शर्वी रडली नाही. रिक्षात साधना तेवढी रडली, आकुर्डी येईपर्यंत.

केंद्रात सर वाटच बघत होते. तास सोडून गेलेली बाई परत आलेली पाहून त्यांना सगळं समजल्यासारखं झालं.

"दोनच ठेवू या ना?" ते मायेने म्हणाले. "अहो, लहान मूल आहे तुम्हाला. झेपेल तेवढंच घ्यावं."

"नको सर. सहाच राहू द्या. कमी केले तर घरी चालणार नाही."

सरांनी पेन खाली ठेवलं. तिचे लाल डोळे पाहिले आणि सुस्कारा सोडला. "फारच कडक दिसतात सासरचे. तुम्ही त्यांना काही बोलत नाही का?"

"नाही सर," साधना म्हणाली. "आता तेच बोलतात."

आणि ती चौथ्या तासाला जाऊन बसली.