काशीआत्यांचा माळा

आमच्या चिकलठाण्याच्या गल्लीत कुणी घर पाडायला काढलं, की मजुरांच्या आधी काशीआत्या हजर. पदर खोचलेला, हातात मोजायचा टेप. ठेकेदाराला दटावणार, "दार सबुरीनं काढ रे बाबा. घाव घालू नको. अजून लई जान हाय त्याच्यात."

आत्या माझ्या नात्यातल्या नाहीत. शेजारी राहतात आणि सगळ्या गल्लीच्या आत्या आहेत. त्यांच्या बंगल्याला गॅरेज आहे, पण गाडी बारा महिने उन्हात. गॅरेजचा माळा पाडलेल्या घरांतून आणलेली दारं, खिडक्या, गज, बिजागऱ्या, एका जिन्याचा अख्खा कठडा यांनी भरलेला, आणि माळ्यावर न मावलेलं खाली. एकदा त्यांच्या यजमानांनी गाडी आत लावायचा हट्ट धरला. "लावा की," आत्या म्हणाल्या, "पन मंग दारं कुठं ठिवू? तुमच्या खाटंवर?" यजमानांनी गाडीसाठी ताडपत्री आणली.

मीही चिडवायचो. "आत्या, एवढ्यात एक घर उभं राहील."

"एक? दीड ऱ्हाईल. मोजलंय मी."

मग माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर वॉकर आला, पण तो बाथरूमच्या दारातून जाईना. मी दार काढून टाकलं, चौकटीला पडदा लावला आणि प्रश्न सुटला असं समजून ऑफिसला जाऊ लागलो. आई मात्र पाणी पिईना. अंघोळ रोज उद्यावर. डॉक्टरांनी औषधं बदलली, तरी तेच.

आत्या भेटायला आल्या. एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा आईकडे.

"हे तुझं काम व्हय?"

"हो."

"शिकलेला माणूस तू!" एवढंच म्हणाल्या आणि कमरेचा टेप काढला.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. पाठोपाठ हातगाडीवरून एक रुंद सागवानी दार आलं, चौकटीसकट. आत्यांच्या गॅरेजातलं, फुलंब्रीकडच्या एका पाडलेल्या दवाखान्याचं. भिंत फुटली, चौकट बसली. आत्या तीन दिवस स्टूल टाकून गवंड्याच्या डोक्यावर.

शेवटी त्या आतून कडी बसवायला लागल्या, तेव्हा मी अडवलं. "आतून नको. आई पडली तर?"

"पडली तर फोडू दार. मह्याकडं दुसरं हाय."

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. कडीला तेल लावता लावता म्हणाल्या, "आमी मेंढरामागं फिरनारी मानसं. मह्या मायला न्हायाचं आसलं, की आमी दोघी बहिनी लुगडं धरून उभ्या ऱ्हायचो. वारा सुटला की ती तशीच ओली उठायची. मरंस्तोवर तिला आतून कडी लावायला नाय भेटलं."

मी स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात दिला.

संध्याकाळी आई वॉकर घेऊन आत गेली. दार लोटलं गेलं, कडी सरकली. बादलीत पाणी पडायला लागलं तशी आत्यांनी माझं मनगट धरलं आणि मला ओढत लांब अंगणात नेलं.