घाट्यात विकणारे घाटे

घाटे पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी बूट काढले, मोजे झटकले आणि सरळ जाऊन आमचा फ्रिज उघडला.

मी पुण्याची. आमच्याकडे सख्खी नणंदसुद्धा विचारल्याशिवाय फ्रिजला हात लावत नाही. आणि हा उंचापुरा नागपूरकर आत डोकं घालून एकेक डबा उघडून वास घेत होता.

"घराची हालत छतावरून नाही कळत, वहिनी," आतूनच आवाज आला. "फ्रिजवरून कळते. चीज सेलमधलं. भाजी म्हणाल तर नुसता कोबी. म्हणजे हप्ते चुकून राहिले. बरोबर?"

बरोबर होतं.

"अन् ही खिचडी कालची दिसते. खाऊ का?"

जिन्यावरून आमची बारा वर्षांची तन्वी बघत होती. "आई, हू इज धिस अंकल? व्हाय इज ही ईटिंग माय लंच?"

"रिअल इस्टेट एजंट आहेत," मी म्हणाले.

"दॅट्स नॉट ॲन आन्सर," ती म्हणाली आणि वर निघून गेली.

घाटे एजंट होते, पण फक्त बुडत्या घरांचे. कॅनडातल्या आमच्या मिसिसागा शहरातले बाकीचे एजंट बोर्डावर हाताची घडी घालून दात दाखवत उभे असतात. घाट्यांच्या बोर्डावरचा फोटो पासपोर्ट ऑफिसातून पळवून आणल्यासारखा होता. "हसलो तर गिऱ्हाइकाला वाटते, भाव कमी नाही करणार," असा त्यावर त्यांचा खुलासा. आणि कुणी फायद्याची भाषा काढली की म्हणायचे, "माझं आडनावच घाटे आहे जी. काऊन अपेक्षा ठेवता?"

आम्ही घर घेतलं तेव्हा भाव आभाळाला टेकले होते. मग व्याज वाढलं, हप्ता वाढला, आणि नेमकी तेव्हाच समीरची, माझ्या नवऱ्याची, सॉफ्टवेअरमधली नोकरी गेली. आता घराची किंमत कर्जाहून कमी होती. बँकेची नोटीस आल्यावर समीरने ती वाचली आणि बर्फाच्या बुटांखाली ठेवून दिली. मग मीच एका मैत्रिणीकडून घाट्यांचा नंबर मिळवला.

खिचडी संपवून घाटे टेबलाशी बसले. "दोन रस्ते आहेत. एक, बँकेला राजी करून आपणच घर विकायचं, कर्जापेक्षा कमी आले तरी चालेल म्हणून. दुसरा, काहीच करायचं नाही. मग बँक घर ताब्यात घेते, कुलूप बदलते, मिळेल त्या भावात विकते, अन् वकिलाचा खर्च तुमच्याच बोडक्यावर. घर दोन्हीकडे जाते. पण पहिल्यात तुम्ही देव गुंडाळून, पडदे काढून, शेजाऱ्याला बाय करून निघता. दुसऱ्यात दारात कोर्टाचा शेरीफ उभा असते."

"मार्केट रिकव्हर होतंय," समीर म्हणाला. "आमच्याच रस्त्यावर दोन घरं चांगल्या भावात गेली. स्प्रिंगपर्यंत थांबलो तर सगळं सुटेल."

"मार्केट सुधारून राहिलं, खरं आहे. पण तुम्ही बिघडून राहिले ना. दाढी पाहा बरं आपली."

समीर उठून उभा राहिला. "तुम्ही निघा."

घाट्यांनी खिचडीचा डबा विसळला, रॅकवर पालथा घातला आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर खरडल्याचा आवाज आला. रात्रभर बर्फ पडला होता आणि घाटे फावड्याने आमचा ड्राइव्हवे शोव्हल करत होते. समीरने खिडकी उघडली. "काय चाललंय हे?"

"घर विकायला नाही आलो बापा. बर्फ काढून राहिलो. असंच पडू दिलं तर घर रिकामं दिसते, अन् रिकामं घर दिसलं की बँकेला भूक लागते."

समीरने खिडकी लावून घेतली. पुढच्या बर्फात घाटे पुन्हा हजर. चहा नको म्हणाले, घंटाही वाजवली नाही. समोरच्या इटालियन आजींना वाटलं आम्ही माणूस ठेवलाय. त्यांनी आपल्याही पायऱ्या दाखवल्या, आणि घाट्यांनी त्याही साफ करून दिल्या.

तिसऱ्यांदा बर्फ पडला तेव्हा समीर बूट घालायला दाराशी गेला. बुटांखालची नोटीस त्याने उचलली, खिशात घातली, आणि शोव्हल घेऊन बाहेर पडला. मी काचेतून बघत होते. दोघं शेजारी शेजारी खरडत होते. मग समीर शोव्हलवर रेलला आणि त्याचे खांदे हलायला लागले. घाट्यांनी त्याच्याकडे पाठ केली आणि आधीच लख्ख झालेला तुकडा पुन्हा पुन्हा खरडत राहिले, समीर डोळे पुसेपर्यंत.

आत येऊन समीर म्हणाला, "चल, कागद काढू."

यानंतर सुरू झालं घाट्यांचं बँकेशी युद्ध. ते फोन स्पीकरवर टाकत आणि नागपुरी इंग्रजीत बँकेच्या बाईला धारेवर धरत. "मॅडम, यू टेल मी वन थिंग. तुम्ही घर घेऊन काय करणार? राहणार काय? विंटरमध्ये कोण शोव्हल करेल? यू विल डू?"

"सर, दॅट इज नॉट..."

"पाइप फुटेल मॅडम. बेसमेंटमध्ये स्विमिंग पूल होईल. मग तोही विका!"

बाई हसली. तिथेच आम्ही अर्धं जिंकलो असं घाटे म्हणाले. "हसलेला माणूस नाही म्हणायला एक दिवस उशीर करते."

गिऱ्हाइकाला घर दाखवायची त्यांची तऱ्हा तर आणखी न्यारी. सुरतेचं एक तरुण जोडपं आलं, तर हिंदीत सांगू लागले, "बेसमेंट में ठंडी लगती है जी. एक बर्नर रूठता है. ऊपरवाले वॉशरूम का नल रात को गाता है." मी मागून खुणा करत होते, गप्प बसा! जोडपं बाहेर पडल्यावर म्हणाले, "खोड आपण सांगितली की त्यांना वाटते, अजून काही लपवलं नसेल." त्याच जोडप्याने घर घेतलं. बँक मानली. उरलेल्या कर्जाचे झेपतील असे हप्ते बांधून दिले. आम्ही देव गुंडाळले, पडदे काढले, इटालियन आजींच्या गळ्यात पडून रडलो आणि विमानतळाजवळच्या एटोबिकोतल्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायला गेलो. डोक्यावरून सारखी विमानं जातात, पण झोप लागते. समीरला जवळच्या वॉन शहरात काम मिळालं.

सप्टेंबरात मराठी मंडळाच्या गणपतीला गेलो. हॉल माणसांनी फुलला होता. कोपऱ्यात घाटे दिसले, झब्बा घालून, हातात ताट, शेजारची खुर्ची रिकामी. मी धावतच गेले. "घाटेसाहेब! कधीचे आलात?"

त्यांनी माझ्याकडे अगदी कोऱ्या नजरेने पाहिलं. "नमस्कार. आपली ओळख नाही वाटते."

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण ते मान खाली घालून हळूच म्हणाले, "जा वहिनी, तिकडे बसा. मी काय विकतो ते इथं सगळ्यांना माहीत आहे. माझ्याशी बोललात की लोक विचारतील, यांना घाटे कसे काय माहीत? या हॉलमधल्या पुष्कळ लोकांच्या घरी मी खाऊन आलो आहे. कोणालाच ओळख नाही दाखवत. त्यांनाही बरं पडते."

मी पाहिलं. खरंच, आजूबाजूने जाणाऱ्या दोघा-तिघांच्या नजरा त्यांच्यापाशी येऊन पटकन मोदकांकडे वळत होत्या. दर वर्षी हा माणूस इथे येत असणार, असाच एकटा जेवून जात असणार.

तेवढ्यात समीर ताट घेऊन आला. त्याने सगळं ऐकलं होतं. तो त्या रिकाम्या खुर्चीत बसला आणि चार टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काय घाटेसाहेब, आमचं घर विकलंत आणि आता ओळख दाखवत नाही?"

हॉलमधल्या माना वळल्या. घाट्यांचे कान लाल झाले.

"हळू बोला ना जी," ते म्हणाले. मग आपला मोदक उचलून त्यांनी समीरच्या ताटात ठेवला.