आधी वन्सं बाहेर येतील

धाकटी नणंद चार दिवस माहेरी राहायला आली आणि दुसऱ्याच सकाळी वहिनीबरोबर पोहायला निघाली. "कॉलेजात असताना पाण्यात माझ्यापुढे कुणी टिकत नसे," हे नणंदबाईंनी चहा घेता घेताच सांगून टाकलं होतं. वहिनीचं औषधांचं दुकान. ती पोहायला शिकली होती चाळिशी उलटल्यावर, गेल्या वर्षी. तलावावर पोचल्यावर तिनं रबरी टोपी जरा जास्तच घट्ट ओढली.

"तुमचं आटपलं की सांगा, वन्सं. मग निघू," तलावात उतरताना ती म्हणाली.

एरवी ती नणंदेला नावानं हाक मारी. 'वन्सं' आलं, की समजावं, पदर खोचला गेला.

"माझी काळजी नको. तू दमलीस की निघू," नणंदबाई म्हणाल्या.

सुरुवातीच्या फेऱ्या सासूबाईंच्या गुडघेदुखीवर बोलण्यात गेल्या. मग नुसतं 'हं' उरलं, आणि पुढे तेही परवडेना. वहिनीच्या दंडांचे ओंडके झाले. तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, तर नणंदबाईही कोपऱ्यातूनच बघत होत्या. वहिनीनं पुन्हा भिंतीला पाय मारला.

वेळ संपल्याची शिट्टी झाली. बाकीच्या बायका निघाल्या.

"तुम्ही दोघी?" प्रशिक्षक बाईंनी विचारलं.

"हिचं व्हायचंय," नणंदबाई म्हणाल्या.

"यांचं व्हायचंय," वहिनी म्हणाली.

बाईंना वाटलं, स्पर्धेची तयारी चाललीय. त्यांनी पुढच्या तुकडीतल्या बायकांना काठावर बसवलं आणि म्हणाल्या, "बघा, जिद्द याला म्हणतात." टाळ्या पडल्या. आता थांबायची सोयच उरली नाही.

तिकडे बंद दुकानासमोर गिऱ्हाईकं खोळंबली. त्यांनी वहिनीच्या नवऱ्याला फोन केला. तो घरातल्या चपलांवरच धावत आला.

"दुकानाची किल्ली कुठाय?"

"पर्समध्ये."

"आणि पर्स?"

"कपाटात ठेवलीय, इथल्या बायकांच्या खोलीत."

"त्याची किल्ली?"

वहिनीनं मनगट पाण्याबाहेर काढून दाखवलं. किल्ली तिथं बांधलेली होती.

"मग बाहेर ये की."

"आधी तुझ्या बहिणीला सांग."

तो बहिणीकडे वळला. "दादा, आधी तुझ्या बायकोला सांग," ती म्हणाली.

"मी तीनपर्यंत मोजतो, दोघी एकदम या."

तीन झाले. दोघी काठाची दांडी धरून तशाच लोंबकळत राहिल्या. नवऱ्यानं कपाळाला हात लावला.

"वन्सं, येत का नाही?" वहिनी कुजबुजली.

"पायात गोळा आलाय. तू का नाही येत?"

"मला हात आहेत की नाहीत, तेच कळेना."

दोघींना एकदमच हसू फुटलं आणि दोघींच्याही नाकातोंडात पाणी गेलं. शेवटी नवरा आणि प्रशिक्षक बाईंनी मिळून त्यांना एकेक करून ओढून काढलं, ओल्या गाद्या काढाव्यात तसं.

टॉवेल गुंडाळून दोघी बाकावर बसल्या. हात वर होईनात, म्हणून चहाचा पेला नवराच आळीपाळीनं दोघींच्या तोंडाला लावत होता. एवढी सत्ता त्याच्या हाती क्वचितच येई.

"एवढ्याशा तलावात काय ते दमायचं," तो म्हणाला. "मी असतो तर..."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"असतास तर काय, दादा?"

"काही नाही. सहज म्हटलं."

"उद्या सकाळी याला घेऊन येऊ," वहिनी म्हणाली.

"येऊ ना," नणंदबाई म्हणाल्या. "आपल्याला तसंही उद्या काठावर बसण्याखेरीज काही जमायचं नाही."